बदली गवंडी

कॉलिन मेलरने पेनाचं टोपण काढलं, टोक कागदावर टेकवलं आणि पुन्हा टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं. असं तिसऱ्यांदा झालं, तेव्हा त्याची केस बघणाऱ्या समीनाने संगणकावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"काय अडलंय?"

"चौदावा मुद्दा."

तिने आपल्यासमोरची जबानीची प्रत उचलून मोठ्याने वाचलं. "'या नऊ वर्षांत मी माझ्या जागी दुसऱ्या कोणालाही कामावर पाठवलेलं नाही.' यात अडण्यासारखं काय आहे?"

कॉलिन डाव्या हाताने उजवा खांदा दाबत राहिला. कामगार संघटनेचं हे कार्यालय बार्न्सलीच्या बाजारात, एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर होतं. इथवर यायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत होती, आणि आजची ही पाचवी खेप होती.

"हे वाक्य नसलं तर चालणार नाही का?"

"सगळी केस याच वाक्यावर उभी आहे, मिस्टर मेलर. ठेकेदार आणि पगार कंपनी म्हणतात, तुम्ही कामगार नाही, स्वतंत्र धंदेवाले आहात. धंदेवाल्याला भरपगारी सुट्टी नसते, म्हणून तुमचे नऊ वर्षांचे सुट्टीचे पैसे द्यायचे नाहीत. पुरावा काय, तर करारातलं नववं कलम. तुम्हाला वाटलं तर तुम्ही तुमच्या जागी दुसरा लायक माणूस पाठवू शकता. आपलं म्हणणं, ते कलम नुसतं शोभेचं आहे. रोज साडेसातला तुम्हालाच यावं लागतं, ते दाखवतील त्याच भिंतीवर उभं राहावं लागतं. नऊ वर्षांत एकदाही दुसरा कोणी आला नाही, मग कसला आलाय धंदा?"

"आणि समजा, एकदा आला असेल तर?"

समीनाने रस्त्यावर गाडी अडवावी तसा हात वर केला.

"थांबा. पुढे बोलू नका. हे खोटं आहे असं मला कळलं, तर हा कागद मला पुढे पाठवता येणार नाही. मंगळवारी दुपारपर्यंत सही करून आणा, नाहीतर ते वाक्य खोडून आणा. खोडलंत तर त्यांचा वकील त्याच खुंटीवर सगळी केस टांगेल, एवढं लक्षात ठेवा."

कॉलिनने मान हलवली.

"आणखी एक," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "ते तडजोडीला आलेत. बारा हजार पौंड, पुढच्या महिन्यात. फक्त एक गोष्ट तपासून घेणार म्हणतात. साइटच्या साहेबाला सहा वर्षांपूर्वीचा कोणी म्हातारा गवंडी आठवतोय. ग्रीव्ह नावाचा. नोंदवहीत त्याचं नाव नाही आणि माणूस आता हयात नाही. म्हणून त्याच्या बायकोकडे ते कोणालातरी पाठवणार आहेत. याच आठवड्यात."

कॉलिनने कागदांची घडी केली आणि ती कोटाच्या आतल्या खिशात घातली. जिन्यावरून उतरताना त्याने कठडा डाव्या हाताने धरला.

त्याच्या चिडीला नेमका धनी नव्हता, हीच खरी पंचाईत होती. ठेकेदाराला फोन केला की तो म्हणे, तू आमचा नाहीस, पगार कंपनीचा आहेस. पगार कंपनी म्हणे, तुम्ही आमचे नाही, आम्ही फक्त पैसे पोचते करतो, तुम्ही तुमचेच मालक. मालक! दर आठवड्याच्या चिठ्ठीत आधी सरकारचे वीस टक्के कापलेले, मग पैसे पोचते करण्याचे अठरा पौंड कापलेले, आणि उरलेल्या आकड्याशेजारी कॉलिनचं नाव. एवढा मोठा मालक, पण आजारी पडायची परवानगी कोणाकडे मागायची ते त्याला नऊ वर्षांत कळलं नव्हतं.

पगार कंपनीच्या दावणीला तो स्वतःच्या हाताने बांधला गेला होता, याचाही त्याला राग होता. त्याआधी सगळं सोपं होतं. दोन गवंडी आणि एक बिगारी अशी त्यांची टोळी. हजार विटांचा दर ठरायचा, तिघांचे पैसे कॉलिनच्या नावावर यायचे आणि शुक्रवारी व्हॅनमध्ये बसून तो ते वाटायचा. त्याच्या बापाची टोळीही अशीच चालायची. पण कागदावर तिघांची कमाई एकट्या कॉलिनची दिसत होती. एके दिवशी कर खात्याचं पत्र आलं की तुमची उलाढाल व्हॅटच्या मर्यादेपलीकडे गेली आहे, तुम्ही नोंदणी का केली नाही? कॉलिनने ते पत्र चारदा वाचलं आणि दोन रात्री झोपला नाही. ठेकेदार म्हणाला, त्यात काय, तिघेही वेगवेगळे पगार कंपनीत जा, व्हॅटची कटकटच मिटेल. व्हॅनच्या बॉनेटवर कागद ठेवून तिघांनी सह्या ठोकल्या. नववं कलम तर राहोच, पहिलंही कोणी वाचलं नाही.

आणि त्या टोळीतलाच दुसरा एक रिवाज होता, जो कुठल्याच कागदावर नव्हता. भिंतीच्या एका टोकाला एक गवंडी कोपरा उचलतो, दुसऱ्या टोकाला दुसरा, मधे दोरी ताणतात आणि थर चढत जातो. एक गवंडी आला नाही तर दुसऱ्याचं काम निम्म्याहून खाली येतं, आणि बिगाऱ्याची मजुरी मात्र पूर्ण द्यावी लागते. म्हणून ज्याला घरी राहावं लागेल त्याने आपल्या जागी एक हात शोधून द्यायचा. जो देत नाही, त्याच्याबरोबर कोणी दुसऱ्यांदा काम करत नाही.

सहा वर्षांपूर्वी कॉलिनच्या मुलीचं, केरीचं, बाळंतपण सातव्या महिन्यातच झालं होतं. बाळ काचेच्या पेटीत, केरी बेशुद्ध, जावई तेलाच्या जहाजावर. रविवारी संध्याकाळी कॉलिन वॉल्टर ग्रीव्हच्या दारात उभा राहिला. सोळाव्या वर्षी ज्याने त्याच्या हातात थापी दिली तो हा वॉल्टर, तेव्हा बहात्तरचा, काम सोडून दोन वर्षं घरी बसलेला. कॉलिनचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हातारा जिन्याखालच्या कपाटातून हत्यारांची पिशवी ओढत होता.

सोमवार ते गुरुवार, चार दिवस. ती मजुरी कॉलिनच्याच नावावर जमा झाली, त्याने ती तशीच वॉल्टरला नेऊन दिली. बदली माणूस पाठवण्याचा कायदेशीर अधिकार आपण बजावतो आहोत, असं त्या चार दिवसांत कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ट्रेव्हर एकटा पडू नये, एवढीच ती गोष्ट होती.

ट्रेव्हर म्हणजे टोळीतला दुसरा गवंडी. समीनाला भेटून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दहाच्या सुट्टीत तो व्हॅनमध्ये बेकन लावलेला पाव खात बसला होता. कॉलिनने त्याला चौदावा मुद्दा वाचून दाखवला.

"मग कर की सही," ट्रेव्हर तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "मला विचारलं तर मी सांगीन, कॉलिन मेलर नऊ वर्षांत लघवीलासुद्धा माझ्याशिवाय गेला नाही."

"चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? मालकाने मालकाशी कसं बोलावं? बघ, तू एक कंपनी, मी एक कंपनी, तो बाहेर माल कालवतोय ती तिसरी कंपनी. तीन कंपन्यांना मिळून एक संडास, आणि त्यालाही कडी नाही."

कॉलिन हसला नाही. ट्रेव्हरने पावाचा कागद चुरगळून डॅशबोर्डवर टाकला.

"खांद्याचं ऑपरेशन कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात एकवीसला."

"आणि हे पैसे आले नाहीत तर?"

"तर गेल्या वर्षीसारखंच. रद्द."

तीन महिने थापी धरायची नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. गाठीचे पैसे पाच आठवडे पुरले असते. आता तर उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. वरचे थर ट्रेव्हर उचलत होता आणि त्याबद्दल एक शब्द काढत नव्हता, आणि न काढलेला तो शब्द कॉलिनला जास्त टोचत होता. आणखी वर्षभराने शिवायला काही शिल्लक राहणार नाही, असंही डॉक्टर म्हणाला होता.

"वॉल्टरच्या डोरीनला जाऊन भेट," ट्रेव्हर म्हणाला. "ती बाई सगळ्या गावाला सांगत फिरते त्या चार दिवसांचं. तिचं तोंड बंद झालं की तुझं काम झालं."

शुक्रवारी साइट दुपारी एकलाच सुटते. दीड वाजता कॉलिन डोरीन ग्रीव्हच्या स्वयंपाकघरात पोचला होता. सोळाव्या वर्षी तो तिला मिसेस ग्रीव्ह म्हणायचा. चाळीस वर्षांत कधीतरी तिची नुसती डोरीन झाली आणि आई गेल्यानंतर तर हक्काने चहा मागावा असं ते एकच घर राहिलं होतं. बोलायला सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून त्याने सिंकचा नळ गळतोय असं म्हटलं. नळ खरोखरच गळत होता. त्याने व्हॅनमधून पाने आणले आणि सिंकखालच्या कपाटात डोकं घातलं.

एकोणऐंशी वर्षांची डोरीन खुर्चीवर बसून त्याच्या पाठीकडे बघत होती.

"एका हाताने काय करतोयस ते?"

"दुसरा वर जात नाही."

"मग नळ राहू दे आणि बोल. नळासाठी कोणी कामाच्या बुटांत धावत येत नाही."

कपाटात ओल्या लाकडाचा वास होता. कॉलिनने तिथूनच विचारलं, "तुला पत्र आलंय का?"

"आलंय. आज तीनला माणूस येणार आहे. छान कागद आहे, जाड. ट्रेव्हरच्या बायकोने सांगितलं सगळं. तुझ्या सुट्टीचे पैसे अडकलेत आमच्या वॉल्टरमुळे."

"वॉल्टरमुळे नाही गं."

"मग कोणामुळे?"

तो पाना फिरवत राहिला. डोरीन जराशाने आपणच बोलायला लागली, आणि तिचा आवाज निराळा झाला होता.

"काम सोडल्यावर दोन वर्षं त्या खुर्चीत बसून होता तो. जेवायचा नाही, रात्रभर छताकडे बघायचा. गोळ्या घेतल्या तरी तेच. आणि त्या सोमवारी घरी आला तो बुटांना माल लागलेला, तसाच गालिच्यावरून चालत आत. मी ओरडले नाही. दोन ताटल्या बटाटे खाल्ले आणि नऊ वाजता घोरायला लागला. चार दिवस माझा नवरा मला परत मिळाला होता, कॉलिन. ते तू दिलेस. मी विसरलेली नाही."

आत्ता उठावं, हात धुवावेत, तिच्या कपाळाचं चुंबन घ्यावं आणि मंगळवारी ते वाक्य खोडून टाकावं, असं कॉलिनला अगदी खरोखर वाटलं. मग पाना धरलेल्या हाताला वर न्यायला म्हणून त्याने खांदा उचलला आणि कळ थेट मानेपर्यंत गेली.

"काय सांगणार आहेस त्याला?" त्याने विचारलं.

"तू काय सांग म्हणतोस?"

त्याने कपाटातून डोकं बाहेर काढलं नाही.

"तो तेव्हा घरीच होता, असं म्हण."

कॉलिनला वाटलं, ती आता रागावेल, आणि ती रागावली तर बरं होईल.

"बरं," डोरीन म्हणाली आणि चहाचं पाणी ठेवायला उठली.

तीनला दारावर टकटक झाली. कॉलिन उठायला लागला, पण तिने हातानेच त्याला बसवलं. "कुठे जातोस? पाणी बंद करून ठेवलंयस माझं. पुरं कर."

आलेला मुलगा पंचवीसच्या आतबाहेरचा होता. त्याने आपलं नाव टोबी सांगितलं, बूट काढू का विचारलं, आणि डोरीनने आल्याच्या केकचा तुकडा पुढे केला तेव्हा तो मनापासून घेतला. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

"हा नळवाला," डोरीनने सिंककडे बोट दाखवलं. "त्याच्यासमोर बोललं तर चालेल ना? माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

"चालेल की," टोबी म्हणाला. त्याने फाइल उघडली. "मी फार वेळ घेत नाही तुमचा. साइटचे साहेब आहेत, त्यांनी जे सांगितलंय ते वाचून दाखवतो. ते तुमच्या नवऱ्याबद्दल आहे की नाही, एवढंच सांगा."

"वाचा."

"'तो म्हातारा गवंडी चार दिवस आला. काम करताना चर्चमधली गाणी शिट्टीवर वाजवायचा. कोपऱ्यावरच्या घराची दर्शनी भिंत त्याने बांधली. मी ओळंबा लावून पाहिला, केसाएवढीही चूक नव्हती. विटांमधली एक दर्ज दुसरीहून जाड नाही की बारीक नाही. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं देखणं जोडकाम मी पाहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात शिकाऊ पोरं आली, तेव्हा मी आधी त्यांना नेऊन ती भिंत दाखवली.'"

कॉलिनने पाना फिरवणं थांबवलं होतं. साहेबाने असं काही म्हटल्याचं त्याला माहीत नव्हतं. वॉल्टरला तर ते कळलंच नव्हतं. त्याच्या तोंडावर साहेब फक्त "ठीक आहे" म्हणाला होता, आणि म्हातारा ते दोन शब्द घेऊन खूश होऊन घरी गेला होता.

"पुन्हा वाचता का एकदा?" डोरीन म्हणाली. "मला जरा कमी ऐकू येतं."

तिला उत्तम ऐकू यायचं. टोबीने पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश, शब्द सुटे करून. 'देखणं' या शब्दापाशी डोरीनने कप बशीत ठेवला. वाचून झाल्यावर तिने टेबलावरच्या कापडाची सुरकुती अंगठ्याने सारखी केली.

"नाही," ती म्हणाली. "हा दुसरा कोणीतरी."

"नक्की? सहा वर्षांपूर्वीची मार्चमधली गोष्ट आहे."

"मार्चमध्ये तो या खुर्चीत होता. गुडघे गेले होते, हात कापायचे. चहाचा कप दोन हातांनी धरायचा आणि तरी सांडायचा. असल्या माणसाला कोण भिंत बांधायला देईल?"

"आणि ती शिट्टी?"

"माझ्या नवऱ्याला शिट्टी येत नव्हती. गाण्याचं अंग नव्हतं त्याला."

टोबी लिहून घेत होता. कॉलिन त्याच्या पेनाचा आवाज ऐकत राहिला. वॉल्टरचे हात मरेपर्यंत दगडासारखे स्थिर होते. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यातल्या खाटेवर, त्याने कॉलिनच्या कोटाचं सुटलेलं बटण शिवून दिलं होतं.

"तरुणपणी चांगले गवंडी असतील पण," टोबी सहज म्हणाला. त्याला बहुधा म्हातारीला बरं वाटावं असंच वाटत होतं.

"असेल," डोरीन म्हणाली. "चार लोकांसारखा."

टोबीने कागद तिच्याकडे सरकवला आणि कुठे सही करायची ते दाखवलं. तिने चष्मा लावून सगळा कागद वाचला, एकही ओळ न गाळता, आणि सही केली. मग तो उठला, फाइल काखेत धरली आणि सिंकजवळून जाताना वाकला. वाकण्यात काही डाव नव्हता. शेजारधर्माने दोन शब्द बोलावेत तसा तो बोलला.

"तुम्ही इथलेच का? ओळखत होतात मिस्टर ग्रीव्हना?"

"नाही," कॉलिन म्हणाला. "मी नळाचं काम करतो फक्त."

"बरं. चालू द्या तुमचं."

डोरीन त्याला दारापर्यंत सोडायला गेली. बाहेर तिने त्याला केकचा आणखी एक तुकडा कागदात बांधून दिल्याचं ऐकू आलं. दार लागलं. कॉलिनने पाणी सुरू केलं, नळ उघडला, बंद केला, पाने पिशवीत भरले. काम संपलं होतं. बारा हजार पौंड. एकवीस तारीख. आनंद व्हायला हवा होता आणि आतून कुठूनही तो येत नव्हता. उलट त्या पोराचा राग येत होता, पगार कंपनीचा येत होता, व्हॅनच्या बॉनेटचा येत होता, आणि यातल्या कोणावरही तो नीट बसत नव्हता.

डोरीन परत आली. तिने टोबीचा कप उचलला आणि सिंकमध्ये ठेवला.

"झालं ना तुझं?"

"झालं. डोरीन, मी... तू जे केलंस..."

"मी काय बोलायचं ते मी कालच ठरवून ठेवलं होतं. तू नसतास आलास तरी तेच बोलले असते. वॉल्टरनेही मला तेच सांगितलं असतं. भिंत उभी आहे, ती काय माझ्या सहीने पडत नाही." तिने कप विसळला, पालथा घातला आणि हात पुसले. "पण तुला विचारलं त्याने. ओळखत होतास का, एवढंच विचारलं."

कॉलिन पिशवीचा बंद आवळत होता. त्याचा हात थांबला.

"ओळखायचो, असं म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? या गावात कोण ओळखत नव्हतं त्याला? तुझा एक पैसा कापला गेला नसता."

त्याने विचार करून पाहिला. तिचं म्हणणं खरं होतं. त्या 'नाही'ची केसला काडीचीही गरज नव्हती.

"माझ्या तोंडून पटकन निघून गेलं."

"हो," डोरीन म्हणाली. "पटकनच निघालं."

तिने त्याचा कोट खुर्चीवरून उचलला आणि त्याच्या दुखऱ्या खांद्यावर नीट घातला. लहान मुलाला घालावा तसा, आधी उजवा हात, मग डावा. बटणं मात्र त्याची त्याला लावू दिली.

"एकवीसला ना?"

"हो."

"तीन महिने तुला पातेलं उचलता यायचं नाही. जेवणाचं मी बघते. ट्रेव्हरच्या बायकोच्या हाती पाठवीन."

"ती कशाला? तूच येत जा की. मी व्हॅन पाठवतो ट्रेव्हरची. बसू, गप्पा मारू."

डोरीनने दार उघडून धरलं होतं.

"पाठवीन म्हटलं ना," ती म्हणाली.